वरचा थर खरोखरच नंतरचा आहे का? गाळाच्या खडकांचा वयक्रम ठरवताना

मुंबईतल्या एका महाविद्यालयात भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारले आहे: "पुस्तकात खालचा थर जुना आणि वरचा थर नवा एवढेच दिले आहे. पण वरळीच्या टेकडीत गाळाचा थर दोन बेसॉल्टांच्या (ज्वालामुखीच्या काळ्या खडकांच्या) मध्ये सापडतो, थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि बोअरच्या नोंदींत कधीकधी तोच खडक दोनदा येतो. मग आकड्यातले वय न काढता आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे कसे ठरवायचे?"

पुस्तकातला नियम चुकीचा नाही, पण तो लावायचा तो शेवटी, सुरुवातीला नव्हे. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये हा नियम मांडला तेव्हा तो काही अटींसह मांडला होता. गाळ पाण्यात खाली बसतो, खालचा तळ तोवर घट्ट झालेला असतो, गाळ जवळजवळ आडवा पसरतो आणि काही अडथळा येईपर्यंत बाजूंना सलग जातो. या अटी पूर्ण होत असतील तरच वरचा थर नंतरचा. त्यामुळे क्षेत्रात गेल्यावर आधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. हे थर आज ज्या बाजूने वर आहेत त्याच बाजूने तयार होतानाही वर होते का? आणि जो खडक वर दिसतो तो तिथे साचला किंवा वाहत आला, की नंतर आत घुसला वा ढकलला गेला? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थराच्या मधल्या भागात मिळत नाही. ते दोन थर जिथे एकमेकांना टेकतात त्या संपर्कतलावरच मिळते. नवखे विद्यार्थी थराच्या मध्यातून चांगला नमुना फोडून घेतात आणि संपर्काचा तो भुसभुशीत, दिसायला कुरूप भाग तसाच सोडून देतात. माझ्या मते वयक्रमाचे काम करताना वहीतली निम्मी पाने त्या कुरूप भागासाठी ठेवावीत.

पहिला प्रश्न मुंबईपुरता सोपा आहे. पनवेलच्या आसपास दख्खनचे लाव्हाथर वाकलेले आहेत आणि तिथून समुद्राच्या बाजूला ते पश्चिमेकडे कलतात. हा कल सौम्य असल्यामुळे थर उलटले असण्याची शंका घेण्याचे कारण नाही, आणि मधे विभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) नसेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालताना आपण साधारणपणे जुन्याकडून नव्या खडकांकडे जातो. म्हणून शिवडी-माझगावच्या बाजूच्या टेकड्यांपेक्षा मलबार हिल ते वरळी ही रांग क्रमाने वरची मानली जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: कललेल्या थरांत 'वरचा' म्हणजे अधिक उंचीवरचा नव्हे. मलबार हिलच्या पायथ्याशी समुद्रसपाटीला असलेला खडक पूर्वेकडच्या एखाद्या टेकडीच्या माथ्यावरच्या खडकापेक्षा क्रमाने वरचा असू शकतो. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, पण थरांचा क्रम थराच्या पृष्ठाला लंब दिशेने मोजावा लागतो. होकायंत्राने नतीची, म्हणजे थराच्या कलाची, दिशा आणि कोन घेतल्याशिवाय पुढचे काहीही बोलू नये.

हिमालयात मात्र हा सोपेपणा नाही. मुख्य सीमा क्षेपाच्या बाजूने (क्षेप म्हणजे एक तुकडा दुसऱ्यावर चढवणारा विभंग) कितीतरी जुने खडक पायथ्याच्या तरुण शिवालिक थरांच्या अंगावर चढून बसले आहेत, आणि घड्या इतक्या पडल्या आहेत की काही ठिकाणी सबंध थरमाला पालथी झालेली असते. अशा जागी थराची मूळ वरची बाजू ओळखण्याच्या खुणा लागतात, आणि गाळाच्या खडकांत त्या विपुल असतात. सुकलेल्या चिखलाला पडलेल्या भेगा वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. तिरप्या स्तरणात प्रत्येक संचाचे तिरके पदर खाली हळूहळू सपाट होत तळाला टेकतात आणि वरच्या बाजूला पुढच्या प्रवाहाने कापलेले असतात. लाटांनी उमटलेल्या सममित ऊर्मिचिन्हांची (वाळूवरच्या वळ्यांची) टोकदार शिखरे वरच्या बाजूला असतात. एकाच दिशेच्या प्रवाहाने झालेली असममित ऊर्मिचिन्हे मात्र या कामी फसवी असतात, ती वगळावीत. गढूळ प्रवाहाने चिखलात कोरलेल्या खाचा वाळूने भरल्या की वालुकाश्माच्या तळाशी त्यांचे उठावदार साचे मिळतात, म्हणजे ते साचे असलेली बाजू खालची. जाडसर कण तळाशी आणि बारीक वर अशी प्रतवारी हीसुद्धा चांगली खूण आहे, पण एकटीवर विसंबू नये, कारण राडारोड्याच्या दाट लोंढ्यांत ती नेमकी उलटीही होते. मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो अर्धवट भरलेल्या शिंपल्यांचा. बंद शिंपल्यात खालच्या भागात चिखल बसतो आणि उरलेल्या पोकळीत पुढे कॅल्साइटचे स्फटिक वाढतात. या दोहोंमधली रेघ म्हणजे गवंड्याची पाणसळच, ती तेव्हाची आडवी पातळीही दाखवते आणि वरची बाजूही. यांपैकी बऱ्याच खुणा आज तयार होताना पाहायच्या असतील तर ओहोटीच्या वेळी गोराई किंवा आक्साच्या पुळणीवर जावे, आणि भेगाळलेल्या चिखलासाठी खाडीकाठचे मिठागर गाठावे. खडकातली खूण ओळखायला शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता वरळीकडे वळू. मुंबई बेटावर लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान ज्वालामुखी शांत असताना साचलेला शेल (चिखलापासून बनलेला पातळ पदरांचा खडक) आणि टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) आहे. याच थरांतून बेडकाचे सुप्रसिद्ध जीवाश्म मिळाले, ज्यांना रिचर्ड ओवेन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये नाव दिले आणि जे आज इंडोबॅट्रॅकस या प्रजातीत गणले जातात. मुंबईत शल्यवैद्य असलेल्या हेन्री कार्टर याने १८५२ मध्ये बेटाच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. कासव आणि ऑस्ट्रॅकॉड (इवलेसे कवचधारी जलचर) यांचेही अवशेष या थरांत मिळतात, त्यामुळे तो गोड्या पाण्यातला उथळ संचय आहे हे कळते. आता यातले बरेचसे उघडे खडक इमारतींखाली गेले आहेत आणि पाया खणताना किंवा बोगद्याच्या पूर्वतपासणीत बोअर घेतानाच काय ते दर्शन होते.

गाळाच्या खाली बेसॉल्ट आणि वरही बेसॉल्ट. सहज पाहिले तर क्रम तीन पायऱ्यांचा वाटतो: खालचा लाव्हा, मग गाळ, मग वरचा लाव्हा. पण बेसॉल्ट दोन प्रकारे येतो. तो जमिनीवर वाहत येऊ शकतो, किंवा आधीच साचलेल्या थरांच्या फटीत समांतर घुसून सिल बनू शकतो. सिल आपल्या वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांहून तरुण असते. बहुतेक विद्यार्थ्यांना काळजी पडते ती वरच्या बेसॉल्टची: तो प्रवाह की सिल? थोडा विचार केला तर लक्षात येईल की या गाळाच्या दृष्टीने त्याने काहीच बिघडत नाही, कारण वरचा बेसॉल्ट प्रवाह असो वा सिल, तो गाळानंतरचाच. निष्कर्ष उलटतो तो खालच्या बेसॉल्टमुळे. खालचा बेसॉल्ट प्रवाह असेल तर तो गाळाच्या आधीचा. सिल असेल तर गाळ आधीचा आणि तो नंतरचा. म्हणून सगळा कस खालच्या संपर्कावर लावावा.

तिथे काय पाहायचे? खालच्या बेसॉल्टच्या माथ्यावर वायूच्या पोकळ्यांची दाटी असेल, तो माथा कुजून तांबड्या मातीत बदललेला असेल, गाळाच्या तळाशी त्याच बेसॉल्टचे घासलेले खडे असतील आणि बेसॉल्टच्या भेगांत वरून गाळ उतरलेला असेल, तर तो जमिनीवर उघडा पडलेला प्रवाह होता आणि गाळ त्यावर साचला, याबद्दल संशय उरत नाही. एका खडकाचे तुकडे दुसऱ्यात सापडले तर तुकडे ज्याचे तो खडक आधीचा, हे तत्त्व इथे थेट लागू पडते. याउलट गाळाचा तळ भाजून कडक झाला असेल, बेसॉल्टच्या वरच्या कडेला बारीक कणांची झटकन थंड झालेली पट्टी असेल, त्याचे फाटे वरच्या शेलमध्ये शिरले असतील आणि शेलचेच तुकडे बेसॉल्टमध्ये अडकलेले असतील, तर ती सिल. वाहत्या लाव्ह्याने फक्त खालचा थर भाजतो. सिलने खालचा आणि वरचा दोन्ही भाजतात. एक सावधगिरी सांगतो. ओल्या चिखलाला तप्त लाव्हा भिडला की वाफेच्या स्फोटांनी दोन्हींची सरमिसळ होते आणि बेसॉल्टच्या गोळ्यांभोवती चिखल गुंडाळलेला दिसतो. अशी सरमिसळ प्रवाहाच्या तळाशी होते तशीच सिलच्या दोन्ही कडांनाही होते, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय देऊ नये.

बोअरच्या नमुन्यांत एक वेगळीच अडचण येते. मऊ शेल फिरत्या पाण्याने धुऊन जातो आणि कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा खडकाचा दंडगोल नमुना, नेमका संपर्काच्या जागी गहाळ होतो. पेटीत वरचा बेसॉल्ट आणि खालचा बेसॉल्ट एकमेकांना चिकटून ठेवलेले दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की एकच जाड प्रवाह आहे. म्हणून प्रत्येक फेरीची खोली आणि मिळालेल्या कोअरची लांबी ताडून पाहावी, गहाळ भाग लाकडी ठोकळा ठेवून पेटीत दाखवावा, आणि प्रत्येक तुकड्यावर बाहेर काढतानाच खालच्या दिशेचा बाण काढून घ्यावा. संध्याकाळी पेटी भरताना उलटा पडलेला तुकडा नंतर कोणालाही सरळ करता येत नाही.

बोअरमध्ये तोच खडक दोनदा येण्याबद्दल विचारले आहे. त्याची कारणे तीन. पहिले आणि सर्वांत साधे म्हणजे तसाच खडक खरोखर दोनदा तयार झाला. दख्खनमध्ये एकसारखे दिसणारे प्रवाह एकावर एक कितीतरी आहेत. दुसरे म्हणजे क्षेपविभंगाने एक तुकडा दुसऱ्यावर सरकला आणि उभ्या बोअरने तोच थर दोनदा छेदला. सामान्य विभंगाने (ज्यात वरचा तुकडा खाली घसरतो) उलट घडते, म्हणजे मधला थर गायब होतो. तिसरे म्हणजे पालथी घडी, ज्यात दुसऱ्यांदा येणारा क्रम आरशातल्यासारखा उलटा असतो. क, ख, ग, क, ख, ग असा क्रम आला तर विभंग किंवा खरी पुनरावृत्ती. क, ख, ग, ख, क असा आला तर घडीचा विचार करावा. विभंगाचे वय ठरवण्याचा नियम सोपा आहे: तो ज्या थरांना कापतो त्या सर्वांनंतरचा, आणि जो न कापलेला थर त्यावर पसरला आहे त्याच्या आधीचा. डाइकलाही, म्हणजे थरांना कापत घुसलेल्या अग्निज खडकाच्या भिंतीलाही, हेच लागू.

विसंगती, म्हणजे थर साचण्यात पडलेला खंड दाखवणारी सीमा, हा विषय पुस्तकांत वर्गीकरणासाठी येतो, पण वयक्रमात तिचे महत्त्व वेगळे आहे. दोन थरांमधला क्रम बरोबर असूनही त्यांच्यातला काळ किती लोटला हे ती लपवते. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटनने १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला उभ्या थरांवर जवळजवळ आडवे थर टेकलेले पाहिले; तिथे कोनामुळेच खंड डोळ्यांत भरतो. आपल्याकडे तिरुमलाच्या घाटात ग्रॅनाइटवर क्वार्टझाइट (कठीण झालेला वालुकाश्म) बसलेला दिसतो आणि त्या एका रेषेत सुमारे ८० कोटी वर्षांचा खंड मानला जातो. पण दोन्ही बाजूंचे थर समांतर असतील तर खंड ओळखायला झीज झालेला माथा, मातीचा पट्टा, पिंडाश्माचा (गोट्यांच्या खडकाचा) तळ किंवा जीवाश्मांतली उडी यांचाच आधार उरतो. कच्छमधील धोसा ऊलाइट (बारीक गोल कणांचा खडक) याचे उत्तम उदाहरण आहे. जुरासिक काळातला हा थर अवघा काही मीटर जाडीचा, पण त्यातले अमोनाइट (चक्राकार कवचाचे लुप्त समुद्री जीव) पाहिले की कळते की त्यात बराच मोठा काळ दाबून बसला आहे. जाडीवरून काळ मोजण्याचा मोह आवरावा. एका पुरात मीटरभर वाळू येते आणि लाखो वर्षांत वीतभर चिखल साचतो.

दूरच्या दोन ठिकाणांची तुलना करायची तर जीवाश्मांशिवाय गत्यंतर नाही. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या मोजणीचे काम करणाऱ्या विल्यम स्मिथच्या लक्षात आले की प्रत्येक थरात जीवाश्मांचा ठरावीक संच असतो आणि संचांचा क्रम कुठेही गेले तरी बदलत नाही. त्यावरूनच त्याने १८१५ चा आपला प्रसिद्ध नकाशा तयार केला. पण प्रत्येक जीवाश्म या कामाचा नसतो. वरळीचा बेडूक देखणा आहे, मुंबईकरांना त्याचा अभिमान वाटावा असा आहे, आणि कालनिर्णयासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण असे प्राणी एका तळ्यापुरते राहतात आणि क्वचितच टिकतात. उपयोगाचे ते जीव जे थोडा काळ जगले, दूरवर पसरले, विपुल होते आणि सहज ओळखता येतात: अमोनाइट, तरंगणारे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशी सूक्ष्मजीव), परागकण. मुंबई हायचे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले. तिथल्या मायोसीन चुनखडकांसारख्या समुद्राखालच्या थरांचा क्रम लावताना सूक्ष्म जीवाश्मांचाच आधार घ्यावा लागतो. अशा विहिरींत एक खास पथ्य पाळावे लागते. खणताना बाहेर येणाऱ्या चुऱ्यात वरच्या भिंतीतून ढासळलेले कण सतत मिसळत असतात, म्हणजे तरुण जीवाश्म खोलवरच्या चुऱ्यात सापडतात. त्यामुळे एखादा जीव खाली कुठपर्यंत मिळतो याला अर्थ नसतो. वरून खणत जाताना तो पहिल्यांदा कुठे भेटला, म्हणजे त्याचा अस्त कुठे झाला, तेवढेच विश्वासार्ह असते.

जीवाश्मांवर फार विसंबल्याने केवढा गोंधळ होऊ शकतो हे मिठाच्या डोंगररांगेच्या वादावरून दिसते. आता पाकिस्तानात असलेल्या या रांगेत मिठाचे थर कँब्रियन वालुकाश्माच्या खाली आहेत. नुसता थरांचा नियम लावला तर ते फार प्राचीन ठरतात. पण पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना मिठात आणि त्यासोबतच्या खडकांत वनस्पतींचे व कीटकांचे सूक्ष्म अवशेष मिळाले, त्यावरून १९४० च्या दशकात त्यांनी ते थर इओसीन, म्हणजे कँब्रियनहून कितीतरी नंतरच्या काळातले, असल्याचे प्रतिपादले, आणि मग जुने खडक त्यावर क्षेपाने सरकले असे मानणे भाग पडले. शेजारच्या कोहाटचे मीठ खरोखरच इओसीन आहे, त्यामुळे हे मत अजिबात वेडगळ नव्हते. पुढे मात्र मिठाच्या रांगेतले मीठ कँब्रियनपूर्व ते आरंभीच्या कँब्रियन काळातलेच हे मान्य झाले. मीठ दाबाखाली वाहते, विरघळते, पुन्हा स्फटिकरूप घेते. त्यात नंतरचे कण शिरणे शक्य असते. साहनींसारखा मोठा शास्त्रज्ञ जिथे अडला तिथे आपण दुप्पट सावध राहावे.

याच्या उलट चूकही होते: एकच खडक दिसला म्हणजे एकच काळ, असे समजणे. आज या क्षणी जुहूला वाळू साचते आहे आणि ठाण्याच्या खाडीत चिखल. दोन्ही समवयस्क, तरी खडक झाल्यावर एक वालुकाश्म आणि दुसरा शेल होईल. समुद्र हळूहळू आत सरकला तर वाळूची पट्टीही आत सरकेल आणि तिच्यामागे तिच्यावर खोल पाण्यातला चिखल बसेल. मग वाळूचा थर सलग दिसेल, पण किनाऱ्याकडचे टोक समुद्राकडच्या टोकापेक्षा कितीतरी तरुण असेल. योहानेस वाल्थर या जर्मन भूवैज्ञानिकाने १८९४ मध्ये मांडले ते हेच: सलग थरमालेत जे खडक एकमेकांवर दिसतात ते मुळात एकमेकांच्या शेजारी साचत होते. सरकलेल्या समुद्राचा मुंबईतच पुरावा आहे. प्रिन्सेस डॉक खणताना, १८७८ च्या सुमारास, चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मुळांसह जागच्या जागी उभे सापडले. आधी कोरडी जमीन आणि जंगल, मग समुद्राचा चिखल, हा क्रम इथे निर्विवाद आहे, तो मुळे जमिनीत रुजलेली होती म्हणून. नुसते आडवे ओंडके मिळाले असते तर ते दुसरीकडून वाहत आले असते, आणि झाडाचे वय हे चिखलाचे वय ठरले नसते.

आकड्यातले वय या सगळ्याला पर्याय नाही, पूरक आहे. वालुकाश्मातल्या झिर्कॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचे वय काढले तर ते ज्या खडकातून आले त्याचे मिळते. गाळ त्यानंतर साचला एवढेच त्यावरून म्हणता येते. मुंबईत सोय अशी की गाळाच्या वर आणि खाली ज्वालामुखी खडक असल्याने त्यांची वये काढून गाळाला दोन टोकांत बांधता येते. पश्चिम घाटातले मुख्य लाव्हाप्रवाह साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि मुंबईतल्या काही ज्वालामुखी खडकांची वये त्याहून काही दशलक्ष वर्षांनी कमी भरली आहेत. पण खालचा बेसॉल्ट सिल निघाला तर हे बांधणे कोसळते, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याआधी संपर्क तपासणे आलेच.

शेवटी लिहिण्याची पद्धत. छेद (खडकांच्या उभ्या कापाचे चित्र) समोर ठेवून सर्वांत शेवटच्या घटनेपासून मागे जावे. समजा, छेदात खालचा प्रवाह, शेल, वरचा प्रवाह, त्या तिन्हींना कापणारी डाइक, त्याच तिन्हींना थोड्या अंतरावर कापणारा विभंग आणि सर्वांवर न कापलेली खाडीची माती आहे. माती शेवटची. तिच्याआधी विभंग आणि डाइक, त्यांच्याआधी वरचा प्रवाह, मग शेल, मग खालचा प्रवाह. विभंग आणि डाइक यांच्यात आधी कोण? छेदात ते एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. परीक्षेत गुण मिळावेत म्हणून काहीतरी एक लिहू नका. 'डाइक व विभंग यांचा परस्परक्रम ठरत नाही' असे स्पष्ट लिहा. तो ठरवायचा असेल तर डाइक नकाशावर पुढे कुठे विभंगापर्यंत पोहोचते ते शोधावे लागेल: तिथे ती तुटून सरकली असेल तर विभंग नंतरचा, आणि विभंगाचा चुरा ओलांडून ती अखंड गेली असेल तर डाइक नंतरची.